कॉलनीच्या गेटवरचा रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधल्या आपल्या कॉलनीच्या गेटचं तोंड अरुंद करून तिथे उंच क्रॉसिंग करायची गोष्ट निघाल्यापासून रोज कोणी ना कोणी दूध आणताना, मंदिरात, जिन्यात थांबवून तेच तेच विचारतं आणि प्रत्येकाला अर्धवट सांगितलं जातं, मग अर्धवटातून अफवा होते (कमान पाडणार, पोहेवाल्याला हाकलणार, गेटला ताला लागणार). म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. मी इंजिनीअर नाही, पण दोन महिने टेप आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन त्या गेटवर उभा राहिलोय, आणि कॉलनीतले दोन रिटायर्ड पीडब्ल्यूडीवाले काका सोबत होते, मी चुकलो की ते लगेच कान धरतात.

इतकी वर्षं चाललंच होतं ना, आता काय झालं?

चाललं होतं कारण गाड्या कमी होत्या. आपली कॉलनी बसली तेव्हा गेटमधून सायकली, लूना, दोन-चार स्कूटर आणि एखादी ॲम्बेसेडर जायची. आता सकाळी आठला तिथे स्कूलबस, टाटा मॅजिक, ई-रिक्षा, कचरा गाडी, डिलिव्हरीवाले, राँग साईडनं घुसणारे आणि त्यात पोहे खायला थांबलेले, सगळे एकाच तोंडात. मेन रोडवरचा माणूस स्पीडमध्ये डावीकडे वळतो, त्याला आतून चालत येणारी आजी दिसतच नाही कारण कोपऱ्यावर कार लावलेली असते, आणि आजीलाही तो दिसत नाही. मोठा ॲक्सिडेंट झाला नाही हे नशीब, छोटे तर सगळ्यांनाच माहितीयत.

तोंड रुंद आहे तर चांगलंच ना, तुम्ही अरुंद का करताय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त भांडणही यावरच झालं, तर जरा सविस्तर सांगतो.

आपल्या गेटचं तोंड आतल्या रस्त्यापेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद आहे. कोणी मुद्दाम केलं नाही, दोन्ही कोपरे हळूहळू घासत गेले, एका बाजूला फुटपाथ तुटला, दुसऱ्या बाजूला नाली झाकली, आणि तयार झालं एक मोठं मैदान. गाडीवाल्याला वळताना ब्रेक मारायची गरज तेव्हाच पडते जेव्हा कोपरा काटकोनात असतो. कोपरा जितका गोल आणि मोकळा, तितका तो न थांबता सुटतो. म्हणजे आपणच त्याला स्पीडनं वळायला जागा करून दिलीय आणि मग बोर्ड लावतो की ‘कृपया हळू चालवा’. बोर्ड कोण वाचतंय भिया.

दुसरी गोष्ट, पायी चालणाऱ्याला जितकी रुंदी तितका वेळ रस्त्यात. वयस्कर माणूस सेकंदाला साधारण १ मीटर चालतो. १२ मीटरचं तोंड असेल तर १२ सेकंद तो गाड्यांच्या मध्ये, ६ मीटरचं असेल तर ६. एवढं सोपं गणित आहे.

आणि ६ मीटर म्हणजे दोन गाड्या समोरासमोर आरामात. आपल्याकडे मोटर वाहन नियमांप्रमाणे बस-ट्रकची रुंदीसुद्धा जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे एक येतोय एक जातोय तरी निघतात, हळू निघतात, पण तेच तर पायजे.

स्पीडनं इतका काय फरक पडतो, ताशी ३० किलोमीटर काय नि ५० काय?

टक्कर किती जोराची हे स्पीडच्या वर्गावर जातं, शाळेत शिकलोय आपण. ३० चा वर्ग ९००, ५० चा २५००, म्हणजे स्पीड दुप्पटही नाही झाली पण मार पावणेतीनपट. आणि थांबायचं अंतर बघा, ड्रायव्हरला बघून ब्रेकवर पाय न्यायला १ सेकंद लागला असं धरलं तर कोरड्या रस्त्यावर ३० ची गाडी १३-१४ मीटरमध्ये थांबते, ५० ची २८ च्या आसपास. मध्ये जो १४ मीटरचा फरक आहे ना, त्यातच आपलं आख्खं गेट येतं. २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद झाली होती, त्यातही हेच म्हटलं की जिथे माणसं आणि गाड्या मिसळतात तिथे ३० च्या वर नको.

एवढा कुटाणा कशाला, एक स्पीड ब्रेकर टाका नि मोकळे व्हा!

टाकला होता. आठवतंय का? मी स्वतः होतो त्यात, कबूल करतो. तीन-चार घरांचं बांधकाम चालू होतं, उरलेलं मटेरियल होतं, रविवारी सकाळी आम्ही पाच जणांनी मिळून एक सुंदर उंचवटा बनवला आणि चहा पिऊन घरी गेलो. रंग नाही, बोर्ड नाही, उंची मनानं. संध्याकाळी आमच्याच गलीतल्या एक काकू स्कूटरवर मागे बसल्या होत्या त्या उडाल्या, मनगटाला प्लास्टर. तिसऱ्या दिवशी आम्हीच फोडला. काकूंनी कधी काही म्हटलं नाही, पण मला त्यांच्या घरासमोरून जाताना अजून खाली बघावं लागतं.

इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) हिचं स्पीड ब्रेकरसाठी वेगळं मार्गदर्शन आहे, आयआरसी ९९ नावाचं. त्यातला गोल हम्प (उंचवटा) गाडी जाते त्या दिशेनं ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटीमीटर उंच असतो, ज्यावरून गाडी साधारण २५ च्या स्पीडनं न आपटता जावी. ४० मीटर आधी बोर्ड लावायचा, काळे-पांढरे पट्टे मारायचे. आपल्याकडे गलोगली जे दिसतात ते रुंदीला अर्धा मीटर आणि उंचीला वीतभर, म्हणजे उलटंच. त्यानं गाडी हळू होते हे खरं, पण कंबरही जाते, ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटचंही हाल होतं, आणि मोटरसायकलवाला नालीच्या कडेची सपाट जागा शोधून तिथून काढतो, जिथून लोक चालत असतात.

मग त्याऐवजी काय?

उंच क्रॉसिंग. म्हणजे फुटपाथ गेटच्या तोंडाशी खाली उतरत नाही, सरळ पुढे जातो आणि रस्ताच त्याच्या लेव्हलला वर चढतो. गाडीवाल्याला कळतं की मी कोणाच्या तरी ओट्यावरून चाललोय. वरचा भाग सपाट, दोन्ही बाजूला हलका उतार, वर झेब्रा. व्हीलचेअर, बाबागाडी, भाजीची ट्रॉली सगळं न उचलता जातं. फुटपाथची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको आणि चालायला १.८ मीटर मोकळी जागा पायजे असं आयआरसीच्या पादचाऱ्यांच्या मार्गदर्शनात (१०३ नंबरचं, २०१२ चं) दिलंय. ज्या फुटपाथवर चढायला हात धरावा लागतो तो फुटपाथ नसतो, भिंत असते.

दोन्ही कोपरे पुढे घेऊन काटकोनाच्या जवळ आणायचे. आणि कोपऱ्याचा बाहेरचा पट्टा बुटका, खडबडीत दगडांचा ठेवायचा. कारवाला खडखड नको म्हणून त्यावर जात नाही, पण मोठा ट्रक वळताना त्याचं मागचं चाक त्यावर चढू शकतं.

पावसात पाणी तुंबणार नाही का?

तुंबेल, जर डोकं न वापरता केलं तर. म्हणजे आपण रस्त्याच्या मध्ये एक बांधच घालतोय ना. जुलैत आपल्याकडे एका तासात काय होतं सगळ्यांनी बघितलंय, बाहेरच्या मेन रोडचं पाणी आत यायला निघतं. एक फायदा असा की उंच क्रॉसिंगमुळे बाहेरचं पाणी बाहेरच अडेल. पण आतलं पाणी बाहेर जायला दोन्ही कडांना नाली मोकळी पायजे, वर जाळी, आणि जाळी अशी की सायकलचं चाक अडकू नये, म्हणजे पट्ट्या रस्त्याला आडव्या. हे ड्रॉईंगमध्ये लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही असं ठरलंय. शिवाय काम पावसाळ्याच्या आधी पूर्ण किंवा मग सरळ दिवाळीनंतर, मधलं काही नको.

अजून एक, नर्मदेची लाईन आणि ड्रेनेज गेटखालूनच जाते. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून, सत्तर किलोमीटर लांबून, वर चढवून १९७८ पासून इंदूरला येतंय, आणि आल्यापासून त्याच्यासाठी रस्ते खोदणंही चालू आहे. म्हणून काँक्रीट टाकायच्या आधी पाणी, ड्रेनेज, केबल, गॅस या सगळ्यांना लेखी विचारायचं की तुम्हाला वर्षभरात इथे खोदायचंय का. नाहीतर नवीन क्रॉसिंगला महिन्याभरात आडवी चीर पडते.

फायर ब्रिगेड येईल का? आणि गणपतीचा ट्रक?

दोन्ही येतील. खरं सांगायचं तर फायर ब्रिगेडला आज जास्त अडचण आहे, कारण तोंड रुंद असलं तरी दोन्ही बाजूंना गाड्या लावून जी फट उरते त्यातून कचरा गाडी कशीबशी निघते. गणपतीच्या ट्रकचा प्रश्न रुंदीचा नाहीचे, उंचीचा आहे, मूर्ती दरवर्षी अर्धा फूट वाढतेय आणि कमान तेवढीच आहे. त्याला रस्तेवाले काही करू शकत नाहीत, ते उत्सव समितीनं बघावं.

सिग्नल का मागत नाही?

नको. बाहेर दोन्ही बाजूंना मोठ्या चौराह्यांवर सिग्नल आहेतच, मध्ये एक तिसरा आला तर गाड्यांची रांग एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत लागते आणि आपल्या तोंडावर उभी राहते. शिवाय दुपारी रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला कोण थांबतं, खरं सांगा.

गेटला ताला लावा, बाहेरच्यांना बंद करा, शॉर्टकट मारणारेच निम्मे आहेत

शॉर्टकटवाले आहेत हे खरं. पण आपली कॉलनी निगमला (महापालिकेला) हस्तांतरित झालेली आहे, आतले रस्ते सरकारी आहेत, लाईट-सफाई तिकडूनच होते. मग रस्ता सगळ्यांचा, त्यावर आपण आपल्या मनानं ताला किंवा दांडा लावू शकत नाही. मागच्या बाजूचं छोटं गेट रात्री बंद करायचं तरी परवानगी घ्यावी लागेल.

शॉर्टकट तोडायचा कायदेशीर उपाय म्हणजे तो शॉर्टकट राहूच द्यायचा नाही, म्हणजे आत हळू जावं लागलं की मेन रोडनंच लवकर पोचतो हे माणसाला आठवड्यात कळतं. वन-वेचाही विचार झाला होता, पण मग मागच्या तीन गलींना मोठा फेरा पडतो, त्यामुळे सोडला.

पोहेवाल्याला हटवणार का?

नाही. आणि कृपया ही अफवा परत पसरवू नका, तो बिचारा दोनदा विचारून गेला.

ठेला हा अडथळा नाही, ठेल्यासमोर तिरप्या लावलेल्या गाड्या अडथळा आहेत. कोपरा पुढे घेतल्यावर जी जागा निघेल त्यात ठेला, दोन बाकं आणि कचऱ्याचा डबा बसतो, आणि चालायची १.८ मीटरची पट्टी तरी मोकळी राहते. पथ विक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यात कोणाला हलवायचं असलं तरी आधी ३० दिवसांची नोटीस लागते, असं उचललं नि फेकलं होत नाही. आणि इंदूरमध्ये कॉलनीच्या गेटवर सकाळी पोहे-जलेबी नाही तर मग गेट कशाला पायजे.

गंमत म्हणून सांगतो, शहरातल्या रस्त्यावर किती गर्दी आहे हे मोजताना सगळ्या वाहनांना कारच्या हिशोबात बदलतात. आयआरसीच्या तक्त्यात कार १, सायकल अर्धी किंवा त्याहून कमी, आणि हातगाडी २ ते ३ कारांएवढी! म्हणजे कागदावर आपला ठेलेवाला फॉर्च्युनरपेक्षा मोठा आहे. पण हा हिशोब चालत्या हातगाडीचा आहे, कडेला उभ्या असलेल्याचा नाही, त्यामुळे कोणी हा आकडा दाखवून ठेला हटवा म्हणालं तर सांगा.

कोपऱ्यावर गाडी लावायची नाही, मग आमच्या गाड्या कुठे लावायच्या?

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्या घरात पोर्च आहे आणि पोर्चमध्ये जुनं फर्निचर आहे. असो.

कोपऱ्याला लागून, झेब्रावर, फुटपाथवर गाडी लावणं नियमात कधीच बसत नव्हतं, आपण चालवून घेत होतो. आपल्या प्लॅनमध्ये दोन्ही कोपऱ्यांवर थोडीच जागा जाईल, साधारण दोन-दोन कारची. तेवढी जागा आतल्या बागेच्या भिंतीला लागून सरळ रेषेत पट्टे मारले तर निघते, आम्ही चुन्यानं मारून बघितली.

कमान आणि कडुनिंब?

कमान राहणार. फक्त तिच्या डाव्या खांबावर जे बॅनर बांधतात (वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे) ते उतरणार, कारण नेमकं कारच्या ड्रायव्हरच्या नजरेच्या उंचीवर असतात. कडुनिंबही राहणार. मध्य प्रदेशात शहरातलं झाड तोडायला २००१ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी आम्ही मागणार नाही. उलट कोपरा त्याच्या बुंध्याला धरूनच वळवलाय.

आधी चुना, कोन, पोती, हे काय खेळ लावलेत? सरळ पक्कं काम का नाही?

कारण पक्कं काम चुकलं तर तोडायला परत पैसे. उदाहरण आपल्याच शहरात आहे. बीआरटीएस (बससाठी वेगळी राखलेली लेन) २०१३ मध्ये सुरू झाली, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटरच्या आसपास, किती भांडणं झाली तिच्यावर, आणि २०२५ मध्ये हायकोर्टानं ती हटवायला सांगितलं. ती चांगली होती की वाईट यावर माझ्याच घरात दोन पार्ट्या आहेत (मला वाटतं बसची लेन बरी होती, भावाला नाही), पण काँक्रीट ओतल्यावर मत बदलणं महाग पडतं हे तर दोन्ही पार्ट्या मानतात.

म्हणून आधी ट्रॅफिक पोलिसांना सांगून दोन आठवडे नवीन कोपरे चुन्यानं आखायचे, त्यावर प्लास्टिकचे कोन आणि वाळूची पोती, आणि बघायचं. स्कूलबस वळते का, कुठे अडकते, कोण शिव्या देतं. पोतं सरकवायला दोन मिनिटं लागतात.

हे काही नवीन डोकं नाहीये. पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटिश प्लॅनर होळकर दरबारानं बोलावल्यावर इंदूरला आले होते, १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा रिपोर्ट निघाला. त्यांची पद्धतच होती की आधी गली-गली पायी फिरा, आजार ओळखा, मग जेवढं लागतं तेवढंच कापा, सरसकट पाडापाडी नको. त्यांनी इथे प्लेगच्या दिवसांत एक दिवाळीची मिरवणूक काढली होती आणि जाहीर केलं की मिरवणूक ठरलेल्या रस्त्यानं नाही, जो मोहल्ला सगळ्यात स्वच्छ त्याच्यातून जाईल. लोकांनी घरं-गल्ल्या धुऊन काढल्या. स्वच्छतेत नंबर वन यायचं वेड आपल्याला आजचं नाहीये.

आमच्यातल्या वहिनींनी त्यावरूनच सुचवलं की गणपतीची मिरवणूक यंदा त्याच गलीतून न्या जिथे कोपऱ्यावर एकही गाडी नसेल. मला तरी हे नो पार्किंगच्या बोर्डापेक्षा जास्त चालेल असं वाटतं.

मोजणी कशाला? दिसतंय ना सगळं

दिसतंय तुम्हाला-मला. ऑफिसात बसलेल्या माणसाला कागद लागतो. एका ऑफिसात (कुठलं ते सोडा) आम्ही पहिल्यांदा नुसता अर्ज घेऊन गेलो, ‘खूप ट्रॅफिक असतं साहेब’, तर त्यांनी विचारलं, खूप म्हणजे किती? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

मोजायचं सोपं आहे. रस्त्यावर २५ मीटर अंतरावर चुन्याच्या दोन रेषा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेषेवर आलं की स्टॉपवॉच चालू, दुसऱ्यावर बंद. ३ सेकंद लागले तर स्पीड ३०, १.८ सेकंद लागले तर ५०. अशा शंभर गाड्या मोजायच्या, हळू ते फास्ट ओळीनं लावायच्या आणि ८५ वी गाडी किती स्पीडनं गेली ते बघायचं, ट्रॅफिकवाले तोच आकडा धरतात. सरासरी सांगू नका, सरासरीत ई-रिक्षावाले सगळ्यांची पापं धुऊन टाकतात. आणि मोजणारा झाडामागे उभा राहा, पिवळं जॅकेट घालून मध्ये उभे राहिलात तर सगळे सज्जन होतात.

चालणाऱ्यांचीही मोजणी ठेवा, गाड्यांएवढीच. हे नेहमी राहतं.

कोणाकडे जायचं? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात

बरोबर, कारण कामं खरंच वाटलेली आहेत. रस्ता, फुटपाथ, नाली, स्ट्रीटलाईट हे निगमचं, म्हणजे आपल्या झोनचं ऑफिस आणि पार्षद (नगरसेवक). नो पार्किंग, वन-वे, राँग साईडची कारवाई ट्रॅफिक पोलिसांकडे (इंदूरला डिसेंबर २०२१ पासून कमिश्नर प्रणाली आहे). गेटजवळचा विजेचा खांब आणि डीपी पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे. छोटी तक्रार, खड्डा, बंद लाईट, तुटलेलं चेंबर, यासाठी निगमच्या ३११ ॲपवर फोटो टाका. तिथे नाही झालं तर सीएम हेल्पलाईन १८१. पण क्रॉसिंगसारखं काम हेल्पलाईनवर मागू नका, ते तक्रार नाहीये, ती मागणी आहे, ती पार्षदांच्या सहीनं आणि ड्रॉईंग लावूनच पुढे जाते. आणि प्रत्येक अर्जाची पावती, शिक्का मारलेली.

पैसे आपल्याला द्यायचे का?

चुना, रंग, कोन एवढंच, वर्गणीतून. पक्क्या कामासाठी निगमचं बजेट किंवा पार्षद-आमदार निधी. कोणी घरोघरी जाऊन ‘गेट फंड’ मागत असेल तर देऊ नका, असा फंड नाहीये.

ठेकेदारानं मनमानी केली तर?

कामाच्या आधी वर्क ऑर्डर आणि ड्रॉईंगची कॉपी मागायची, देत नसतील तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, १० रुपये फी, ३० दिवस. काम चालू असताना टेप घेऊन जायचं, भांडायला नाही, मोजायला. उंची, उतार (व्हीलचेअरच्या रॅम्पला १ ला १२, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १.८ मीटर लांबी), जाळीच्या पट्ट्यांची दिशा. आणि माहिती असू द्या, मोटर वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८ए आलंय, रस्त्याचं डिझाईन किंवा काम ठरलेल्या मानकाप्रमाणे नसलं आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड आहे. नुसतं कलमाचं नाव घेतलं तरी लोक टेप नीट धरतात असा अनुभव आहे.

मला मिटिंगला यायला जमत नाही, मी काय करू?

रविवारी सकाळी साडेसातला गेटवर या, पुढची मोजणी आहे. स्टॉपवॉचला चार जण, लिहायला दोन, चालणाऱ्यांच्या मोजणीला शाळेतली मुलं चालतील, आजोबा लोकांना खुर्च्या आहेत. पांढरी टोपी नको, लांबून दिसते. पोहे नऊनंतर, आधी खायला बसलात तर शंभर गाड्या होत नाहीत, मागच्या वेळी बासष्टवरच थांबलो होतो.